दीवच्या बारमधली शिदोरी

बाबा, मी परत दीवला आले आहे. तोच बार, समुद्राकडे तोंड करून मांडलेल्या तशाच लाल प्लास्टिकच्या खुर्च्या. तुम्हाला जाऊन अकरा वर्षं झाली, आणि या जागेवर मी तुमच्याशी एक खोटं बोलले होते ते सांगायचं राहूनच गेलं. घरी लिहायला बसलं की नेमकं काहीतरी काम निघायचं. इथे काही काम नाही. पापलेट तळायला टाकलंय, त्याला वेळ आहे.

तेव्हा मला नोकरी लागून जेमतेम दोन वर्षं झाली होती. ऑफिसातली मंडळी सहलीला निघाली आणि मी मोठ्या तोऱ्यात म्हणाले, माझ्या बाबांनाही आणते. आई गेल्यापासून तुम्ही अनसिंगचा मळा आणि वाशिमचा भाजीबाजार यापलीकडे कुठे गेला नव्हतात. निघायच्या आदल्या दिवशी तुम्ही स्वतः दुधात पीठ भिजवून दशम्या थापल्यात, ठेचा केलात, जवसाची चटणी कुटलीत आणि पिशवीत मळ्यातले कांदे टाकलेत. मी म्हटलं, "बाबा, तिथं सगळं भेटते." तुम्ही म्हणालात, "भेटू दे ना. शिदोरी सोबत असली म्हंजे कोणाच्या तोंडाकडं पाहा लागत नाई." माझा चेहरा पडला, पण तुमचं लक्ष डब्याच्या झाकणाकडे होतं. ते नीट बसत नव्हतं.

समुद्र पहिल्यांदा पाहिलात आणि वाकून ओंजळभर पाणी चाखलंत. मग म्हणालात, "एवढं पानी, अन् एका वाफ्याच्या कामाचं नाई!" सगळे पोट धरून हसले, मीही हसले. तिथवर सगळं छान होतं. संध्याकाळी या बारमध्ये आलो. मंडळींनी बिअर मागवली, मासे मागवले. तुम्ही डबा उघडलात, कांदा टेबलावर ठेवलात आणि असा बुक्का हाणलात की बाटल्या हलल्या. कांद्याला सुरी लावली की त्याची चव जाते, हे तुमचं ठाम मत. लहानपणी मळ्यात हा आवाज ऐकला की मी हातातलं खुरपं टाकून धुऱ्याच्या बांधाकडे जेवायला पळत सुटायचे. इथे मात्र आजूबाजूची टेबलं वळून बघायला लागली. त्यात शिदोरी एकट्यानं खायची नाही, हा आपला रिवाज. शेजारी पीत बसलेल्या दोन अनोळखी माणसांपुढे तुम्ही दशमी धरलीत, "घ्या भाऊ, घरची हाय." त्यांनी घेतली. ठेच्यानं नाका-डोळ्यांतून पाणी आलं तरी आणखी मागितली. पण मला दिसत होतं ते फक्त आमच्या साहेबांच्या बायकोनं ओठात दाबलेलं हसू.

मी तुमच्या कानाशी वाकले आणि म्हणाले, "बाबा, मालकानं सांगितलं, इथं बाहेरचं खायचं नाही." मालक बिचारा गल्ल्यावर पेपर वाचत होता. तो काहीही बोलला नव्हता. तुम्ही लगेच डबा बंद केलात. "पह्यलेच सांगाचं ना मले, बाई." एवढंच म्हणालात आणि टेबलावर उडालेली कांद्याची सालं वेचून खिशात घातलीत. पुढचे तीन दिवस आम्ही आत जेवत होतो आणि तुम्ही समोरच्या कठड्यावर, डबा मांडीवर घेऊन. बोलवायला आले तर म्हणायचात, "जाय तू, जेव. मले चांगली हवा लागून राह्यली." बाबा बाहेर का, असं साहेबांच्या बायकोनं विचारलं, तेव्हा मी म्हणाले, त्यांना समुद्र फार आवडतो. एक खोटं झाकायला दुसरं.

सगळ्यात वाईट झालं ते निघायच्या दिवशी. तुम्ही सरळ मालकासमोर गेलात आणि हात जोडलेत. "मालक, पह्यल्या दिवशी चूक झाली. आमाले मालूम नोहतं. माफ करजा." त्याला आपली भाषा कुठली कळायला! तुम्ही जेवणाचे आभार मानताय असं समजून त्यानं तुमच्या खांद्यावर थोपटलं आणि ओंजळभर बडीशेप दिली. मी दोन पावलांवर उभी होते. तेव्हा बोलता आलं असतं. नाही बोलले. आणि तुम्ही गावी जाऊन बाजारात, अंगणात ज्याला त्याला सांगत सुटलात, आमच्या पोरीनं मले समुद्र दाखवला. ते ऐकलं की मी घरात निघून जायचे.

आज आल्या आल्या मालकाला विचारलं. तोच आहे, केस तेवढे पांढरे झालेत. इथे घरचं खाल्लं तर चालतं का? तो म्हणाला, "मछली हमारी, रोटी आपकी. इसमें पूछना क्या?" मला हसू आलं आणि मग रडू आवरेना. माफी तुम्ही मागितलीत बाबा, ती मी मागायची होती.

पापलेट आलं. ते बाजूला सारून मी डबा काढला. दशम्या मीच केल्यात, तुमच्यासारख्या पातळ नाही जमल्या. हे पत्र आता घडी करून तुमच्या त्याच शिदोरीच्या पिशवीत ठेवते, दुसरीकडे कुठे पाठवणार? फक्त एक सांगायचं राहिलं. डबा उघडला खरा, पण मांडीवर, ओढणीच्या आड. आणि कांदा मी लॉजच्या खोलीतच सुरीनं चिरून आणला होता.