शेवग्यावरचं मडकं

मंगळ., ४ फेब्रुवारी
भटजी येऊन गेले. अस्थी घरात आणायच्या नसतात, म्हणून मडकं पांढऱ्या फडक्यात बांधून अंगणातल्या शेवग्याला टांगलं आहे. दहाव्याच्या आत श्रीरंगपट्टणला नेऊन कावेरीत सोडा म्हणाले. मी हो म्हटलं.
अण्णाने सांगून ठेवलं असतं तर बरं झालं असतं. दवाखान्यात विचारलं होतं, "तुझं पुढचं कसं करायचं?" हसला. "मेलेल्याने जिवंत माणसांवर हुकूम चालवू नये, सुमी. तुम्ही ठरवा."
तुम्ही म्हणजे कोण, ते विचारायचं राहिलं. मी एकटी बहीण, की...

बुध., ५ फेब्रु.
कळलं कोण ते. विमला अक्का आल्या, के. आर. पुरमहून. निवृत्त शिक्षिका, अण्णाच्या माडीवरच्या बैठकीतल्या. चिकपेटला बसवण्णांच्या साड्यांच्या दुकानावर खोली आहे, तिथे ही मंडळी दर रविवारी दुपारी जमतात. देव नको, सरकार नको, कोणी कोणाचा साहेब नको, हा विषय. कारखान्यात होता तेव्हापासून अण्णाचा रविवार तिथलाच.
वि. शेवग्याखाली उभी राहून रडली. माझ्यापेक्षा जास्त. माझ्या अंगणात. मी पाणी दिलं, कॉफी विचारली नाही.
डोळे पुसून म्हणाली, "थोड्या अस्थी आम्हाला द्याल? माझ्या दारात संपिगेचं, सोनचाफ्याचं, झाड लावीन, त्याच्या मुळाशी घालू. फुलं आली की अण्णा आले म्हणू."
"बघते," म्हटलं.
"तुम्ही 'सरी', ठीक आहे, असं म्हटल्याशिवाय काही होणार नाही. आमच्यात तसंच आहे."
हे 'आमच्यात'.

शुक्र., ७ फेब्रु.
अण्णा घरी फार बोलत नसे. मीही नाही. दोघंही बिनलग्नाची, एका घरात म्हातारी झालो. रविवारी संध्याकाळी माडीवरून यायचा तो आवाज बसलेला. देव नाही, नाही, म्हणून दुपारभर ओरडायचा आणि येताना बाजारातून माझ्या देवांसाठी शेवंती आणायचा. पुडी ओट्यावर ठेवून म्हणायचा, "तुझ्या मंडळींची फुलं."
मला ते प्रेम वाटायचं. असेलही. पण ज्यांच्याशी घसा बसेपर्यंत वाद घालावा अशी माणसं वेगळी होती.
मला फुलं.

सोम., १० फेब्रु.
भटजींचा फोन, उद्या शेवटचा दिवस. श्रीरंगपट्टणची गाडी ठरवली. तासाभराने फोन करून नको म्हटलं. मुकाट्याने नदीत सोडून आले तर वि.ला वाटेल मी तिला भिऊन लपून केलं. नाही म्हणायचं तर तोंडावर म्हणेन. त्यांच्या माडीवर जाऊन.

रवि., १६ फेब्रु.
मेट्रोने चिकपेट. इतक्या वर्षांत पहिल्यांदा ती माडी चढले. खाली साड्यांचे गठ्ठे, वर सतरंजी, एक पंखा, आठ-दहा माणसं. खिडकीपाशी अण्णाची जागा रिकामी ठेवलेली. वि. बरोब्बर त्या जागेला लागून.
एक कौस्तुभ आहे, पुण्याचा, बेळ्ळंदूरला कॉम्प्युटरच्या कंपनीत. त्याने मला समजावलं. "काकू, ॲक्च्युअली इथे व्होटिंग नसतं. मेजॉरिटी म्हणजे पण एक टाइपचा बॉसच ना? सगळे सरी म्हणाले तर करायचं. एक जण जरी नाही म्हणाला, तरी थांबायचं."
"किती दिवस?"
"ते... डिफाइन नाही केलंय."
अस्थींचा विषय निघाला. मी म्हटलं, "नाही." पुढचं सगळं मनात जुळवून नेलं होतं, रक्ताचं नातं, आईला दिलेला शब्द, सगळं. बसवण्णा म्हणाले, "सरी अक्का. मग थांबू." आणि चहा आला.
भांडायला गेले होते. कोणी भांडलंच नाही. अण्णासारखेच सगळे.
जिना उतरताना वि. मागून आली. हळू आवाजात, जणू काही देणगी देते आहे. "तुम्हाला माहीत आहे? अण्णा आम्हाला नेहमी तुमचं उदाहरण द्यायचे. म्हणायचे, माणसं देवाला भितात, म्हणून भटाला भितात, म्हणून राजाला भितात. पण माझी बहीण भीतीने दिवा लावत नाही. तिच्यावर कोणाचाच हुकूम नाही. मोकळं माणूस बघायचं तर आमच्या घरी या. म्हणून तिच्याशी मी वाद घालत नाही."
मी खूश होईन असं तिला वाटलं.

सोम., १७ फेब्रु.
रागाने काही सुचत नाही. त्याच्या गप्पा त्यांच्या, त्याचे रविवार त्यांचे, आता मीसुद्धा त्यांच्याच वाट्याला. माझ्याबद्दल जे मला सांगायचं ते तिला सांगितलं.
आणि ते खरंही नाही.
मी भिते. दिव्याला उशीर झाला की हात कापतात. ग्रहणात पाण्यात तुळशीचं पान टाकते. अण्णाला बरं नव्हतं तेव्हा काय काय बोलले देवापुढे, ते लिहिणार नाही. एकदा विचारलं असतं तर सांगितलं असतं की नुसत्या भीतीवर चाललंय रे सगळं. मग घातला असता वाद?

गुरु., २० फेब्रु.
शेजारच्या कमलम्मा दरवर्षी शेंगांसाठी बादली घेऊन हजर. यंदा झाड लगडलंय आणि कोणी फिरकत नाही. कुंपणापलीकडून म्हणाल्या, "अजून टांगलंयच का हो? आत्मा अडकतो म्हणतात."
म्हटलं, "तो म्हणायचा आत्मा नसतोच."
"मग स्वल्प तरी अडकत असेल," म्हणाल्या.
अण्णा गेल्यापासून आज पहिल्यांदा हसले. आत येऊन दिवा लावला. मग हसल्याची भीती वाटली.

रवि., २३ फेब्रु.
झालं भांडण.
आज विषय होता, शिक्षेचं भय नसेल तर माणूस चांगला वागेल का. वि.ने पुन्हा माझं उदाहरण दिलं, मी समोर बसलेली असताना. "आपल्या सुमित्रा अक्काच बघा ना."
म्हटलं, "मी भिते."
कौस्तुभ म्हणाला, "म्हणजे, काकू, कल्चरल सेन्समध्ये?"
"नाही रे बाबा. भिते म्हणजे भिते. देवाला. तो काहीतरी करील म्हणून."
वि. म्हणाली, "पण अण्णा तर..."
"अण्णा चुकला."
"अण्णांचं असं चुकणं शक्य नाही. इतकी वर्षं एका घरात राहून!" आवाज चढला तिचा. शाळेत असाच चढत असेल.
"त्याने कधी विचारलं नाही मला. तुम्हाला सांगत बसला. आणि तुम्ही चुकणं शक्य नाही म्हणता? देव नको म्हणणारी माणसं तुम्ही. त्याला काय केलंत मग?"
तिचा चेहरा लाल. म्हणाली, "आणि तुम्ही काय झालात? एकटीच्या 'नाही'वर आम्हा सगळ्यांना टांगून ठेवलंय. अण्णांनाही. आमच्या माडीवर आजवर सरकार नव्हतं. आता आलं!"
बसवण्णा मध्ये पडायला गेले, तर आम्ही दोघी एकदम म्हणालो, "तुम्ही थांबा."
घरी आले तेव्हा आवाज बसला होता. आरशात बघितलं. अण्णा असाच दिसायचा रविवारी.

मंगळ., २५ फेब्रु.
वि.चं वाक्य डोक्यातून जात नाही. सरकार. मला आजवर कोणी विचारून काही केलं नाही, अण्णानेसुद्धा. पहिल्यांदा 'नाही' म्हटलं तर सगळे थांबले. ते सोडवत नाही. हे लिहिताना लाज वाटते. तरी सोडवत नाही.
त्यांच्या नियमाप्रमाणे यावर उपाय काय? कौस्तुभला फोन करून विचारलं. म्हणाला, "काकू, हा तर आमचा ओपन क्वेश्चन आहे."

शनि., १ मार्च
दुपारी फाटक वाजलं. वि. न कळवता आली. "माझं बोलणं पुरं झालं नव्हतं," म्हणाली. माझंही नव्हतं.
शेवग्याखाली खुर्च्या टाकून बसलो. ती म्हणाली, भीतीतून केलेलं चांगुलपण खोटं. मी म्हटलं, तापात अण्णाचे पाय दाबले ते भीतीने दाबले, ते खोटं? ती म्हणाली, ते प्रेम. मी म्हटलं, तुम्ही कोण ठरवणार? मी सांगते ना भीती. ती पुन्हा पहिल्यापासून सुरू. कॉफी केली. दुसऱ्यांदाही केली.
बोलता बोलता दिव्याची वेळ टळली. उठले तर हात कापत होते, काडी पेटेना. वि. देवघराच्या दारात उभी. तिने बघितलं. आता म्हणेल काहीतरी, वाटलं. ती दिवा लागेपर्यंत थांबली.
निघताना विचारलं, "मग, अक्का? सरी?"
"रविवारी सांगते."
"म्हणजे उद्या?"
"कुठल्या ते नाही म्हटलं."
ती हसली, रागातच. फाटकाकडे जाताना शेवग्याच्या खोडावर क्षणभर हात ठेवला. तो हात मला खुपला. अजून खुपतो आहे.
पण सरी म्हटलं, की ती संपिगेपाशी बसणार. आणि नाहीच म्हटलं, तर अण्णा कावेरीत, ती तिच्या घरी. मग मी भांडू कोणाशी...
उद्या शेंगा काढून माडीवर न्यायच्या आहेत. वरच्या फांदीच्या नाहीत. तिथे मडकं आहे.