भाऊबीजेची तांबडी

कागल,
ता. १८ जानेवारी १९५४

सौ. आक्कास,
धाकट्या जोतीरामचा नमस्कार.

इकडं समदी बरी हायत. म्हैस व्याली, रेडी झाली. शाळू निसवलाय. तू बांधून दिलेला तीळगूळ पोरांनी दोन दिसांत उडवला. दाजींचा गुडघा कसा हाय?

काल जनावरांचा डॉक्टर म्हशीला बघाय आलता. त्याला तुझ्या कोंबड्यांचं सांगितलं. तोंड सुजलं, डोळं चिकटलं, नाकातनं घाण वासाचं पाणी, नऊ मेल्या. तो म्हणाला, "नजर वगैरे काही नाही, नाकाचा रोग आहे. बाहेरून नवी कोंबडी आणली होती का?"

मला तांबडी कोंबडी आठवली.

आक्का, भाऊबीजेला तुला दिलेली तांबडी दसऱ्याआधी असल्याच दुखण्यातनं उठलीती. आमच्या आठांत ती एकटीच जगली. मला वाटलं, वाचली ती पक्की, आक्काला अशीच द्यावी. आजाराचं सांगितलं न्हाय, तू घेतली नसतीस म्हणून.

डॉक्टर म्हणतो, कोंबडीचं अंग रोगाशी झुंजतं, अन् जिंकलं की त्याची ओळख ठेवतं. म्हणून तो तिला परत सहजी गाठत न्हाय. पण जंतू तिच्या नाकात दडून ऱ्हात्यात. ती टुणटुणीत दिसती, अन् एका भांड्यात पाणी प्याली की दुसरीला रोग देती. तुझ्या कोंबड्यांच्या अंगाला ती ओळखच नव्हती.

तू मात्र नजर लावल्याचा आळ घेतलास शेजारच्या धोंडुबाईवर. संक्रांतीला बिचारी हळदीकुंकवाचं ताट घेऊन आली, तू तिच्या तोंडावर कवाड लावलंस. मी तुझ्या सोप्यातच बसलोतो. तांबडी अंगणात दाणं टिपत हुती. "माझ्या भावाची माया म्हणून ही तेवढी वाचली," म्हणालीस. मला तवाच शंका आलीती की! तरी तीळगूळ चघळत बसलो. लाज वाटती गं.

आता तांबडीला न्यारी ठेव. खुराडं धुऊन उन्हात वाळव. इतक्यात नवी कोंबडी आणू नको.

आणि हे पत्र धोंडुबाईच्या दारात उभं राहून दाजींना मोठ्यानं वाचाय लाव. रथसप्तमीपतोर हळदीकुंकू चालतं, तिला बोलव.

मी बेस्तरवारी येतोय. आधी तिच्या घरी जाईन, मग तुझ्या. तू कवाड लावलंस तर उंबऱ्याबाहेर बसंन.

तुझा, त्या दिशी गप्प बसलेला भाऊ,
जोतीराम