कोपरावरचं हिरवं रफू

शनिवार, ता. ९

प्रिय ताई,

तीन वर्षांचे नमस्कार एकदम घे. मी बरी आहे. शिलाई मशीनवर बसून पाठ धरते, एवढंच.

आमचा सिनेमा लागला. शंभर वर्षांपूर्वीचा काळ, मोठं घराणं, सव्वाशे पोशाख. समीक्षकांनी एका ओळीत निकाल लावला: 'देखणा, पण झोप आणणारा.' खोटं नाही. मी तिकीट काढून पाहिला, तर शेजारचे आजोबा मध्यंतरापर्यंत घोरत होते. मला मात्र त्या धुक्यात, त्या लांबच लांब जिन्यांवर इतकं छान वाटत होतं, की आपण जाग्या आहोत की नाही तेच कळेना.

प्रेक्षकांनी एक चूक पकडली. नायिकेच्या करड्या कोटाच्या कोपरावर हिरव्या दोऱ्याचं रफू! 'एवढ्या बड्या घरची बाई अशी फिरेल का?' म्हणून सगळे हसताहेत. पोशाखाचे मास्तर माझ्यावर उखडले. "कोट जुना दिसावा म्हणून दगडाने घास म्हटलं होतं. हे काय करून ठेवलंस?"

"घासावा लागलाच नाही मास्तर," मी म्हटलं. "जुनाच होता."

ओळखलंस ना? आईचा कोट घालून कुंपणावरून उडी तूच मारली होतीस. आईच्या हाताशी तेव्हा हिरवाच दोरा होता.

आई गेल्यावर तू तेवढी एकच वस्तू मागितलीस. मी म्हटलं, कसर लागली, टाकून दिला. टाकला नव्हता गं. कपाटात लपवला होता. मलाही तो हवा होता. तू काही बोलली नाहीस, आणि मग कधीच बोलली नाहीस. चोराच्या मनात चांदणं, म्हणून मीही लिहिलं नाही.

चित्रीकरणाच्या आदल्या दिवशी नायिकेचा कोट रंगवताना बिघडला. मी घरून हा नेला. ती बारीक, त्यामुळे दोन्ही बाजूंनी कापावा लागला. आता तो तुलाही व्हायचा नाही, मलाही नाही. रफू उसवायला मात्र हात चालेना.

गुरुवारी सिनेमा उतरतोय. मध्यंतरानंतर नायिका पाठमोरी जिना उतरते. चेहरा दिसत नाही. तेवढा वेळ आई उतरत असते, ताई.

बुधवारी दुपारच्या खेळाला, तुझ्या घरामागच्या थिएटरात, मी शेवटच्या रांगेत असेन. गर्दीची काळजी नको, कुत्रं फिरकत नाही. बोलू नकोस हवं तर. कोट पिशवीत आणते. तुझाच आहे तो.

तुझ्याशी खोटं बोललेली,
धाकटी