आत्या, तुमचा नवस फेडायचा कसा?

प्रिय आत्या,

सासूला 'प्रिय' लिहायची माझी ही पहिलीच वेळ. तुम्ही असतात तर म्हणाला असतात, "कागद कशाला काळे करायलीस, तोंडानं सांग की." पण सांगू कुणाला? आज शनिवार, उन्हं कलायला लागलीत आणि मामा शेतातून यायच्या आत मला काय ते ठरवायचंय. उद्या दहा वाजता परभणीला माझा बी.ए.चा शेवटचा पेपर आहे. आणि उद्याच मामांनी पोखर्णीला नवसाची पंगत ठेवलीय. साठ माणसांना आवतण गेलंय, आचारी सांगून झालाय.

तुम्ही बोललेल्या त्या नवसाची पंगत!

आठवतं ना? घरी बसून बी.ए. करता येतं, पुस्तकं मिळतात, फक्त रविवारी परभणीला तासाला जावं लागतं, असं मी भीत भीत सांगितलं होतं. मामांनी भाकरी मोडता मोडता विषय संपवला. "दर ऐतवारी बाई माणूस परभणीला? लोक काय म्हनतील?" तुम्ही तेव्हा चकार शब्द काढला नाहीत. मला तुमचा किती राग आला होता!

मग महिन्याभरात मामांचं मुतखड्याचं ऑपरेशन झालं. त्यांनी डोळे उघडले आणि तुम्ही बेधडक सांगून टाकलंत, "आवो, अर्चनानं नवस बोललाय. तुमी धडपणी घरी आलात की तीन वरसं दर ऐतवारी पोखर्णीच्या नरसिंहाला जानार हाय ती." मी तुमच्या तोंडाकडे बघतच राहिले. मामांच्या डोळ्यांत पाणी आलं. बाहेर व्हरांड्यात मी तुम्हाला धरलं तर तुम्ही शांतपणे म्हणालात, "माणसाला न्हाई म्हनतेत ते. देवाला कसं म्हनतील?"

पोखर्णीची गाडी परभणीहूनच धरायची, त्यामुळे कुणाला शंका यायचं कारणच नव्हतं. मी तासाला बसायचे आणि येताना स्टँडासमोरच्या दुकानातून बत्तासे आणायचे. मामा ते दोन्ही हातांत घ्यायचे, डोळ्यांना लावायचे आणि मगच तोंडात टाकायचे. मला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. अर्थशास्त्राचं पुस्तक तर तुम्ही लाल फडक्यात बांधून देवाजवळ ठेवलंत. मी ते वाचायला बसले की मामा अंगणात चप्पल काढून पलीकडून जायचे, पोथी चाललीय म्हणून! आत्या, तुम्हाला भीती नव्हती वाटत? एकदा विचारलं तर म्हणालात, "देवाचं मी बघते, तू पुस्तकाचं बघ."

बघितलंत का हो? बोलून तुम्ही मोकळ्या झालात, निघूनही गेलात आणि निस्तरायला मी राहिले. नवसाची मुदत तुम्ही बी.ए.च्या मापानं तीन वर्षं ठेवलीत, पण त्या मुदतीच्या शेवटी पंगत असते हे तुमच्या ध्यानात आलं नव्हतं का?

यंदाचे बाकीचे पेपर मी चुडाव्याला माहेरी राहून, रेल्वेनं येऊन-जाऊन दिले. त्यासाठी माझ्या धडधाकट आईला आठवडाभर आजारी पाडलं. पण उद्या काय सांगू? मागच्या महिन्यात तुमचं वर्षश्राद्ध झालं त्याच दिवशी मामा म्हणाले, "आता तिचा तेवढा शब्द राह्यलाय. तो पुरा करू." तुमच्या लेकाला सगळं माहीत आहे, पण बापापुढं त्याची दातखीळ बसते. पेपर बुडवला तर तुमची तीन वर्षांची धडपड मातीत. खरं सांगितलं तर मामांच्या मनात तुम्ही खोट्या ठरणार. गेलेल्या माणसाला मी कशी खोटं पाडू?

ठरलं. सगळं माझ्या अंगावर घेते. मामांची सायकल वाजली.

दिवेलागण झालीय. पुन्हा लिहायला बसलेय.

मामा न्हाणीजवळ हातपाय धूत होते. मी एका दमात सांगितलं, "मामा, उद्या माझा बी.ए.चा पेपर आहे. तीन वर्षं मी पोखर्णीला गेलेच नाही, परभणीला तासाला जात होते. मीच खोटं बोलले. आत्यांना यातलं काही माहीत नव्हतं."

तांब्या हातातच राहिला. "मंग ते बत्तासे?"

"स्टँडावरचे."

"अन् ती पोथी?"

"कॉलेजचं पुस्तक."

मामा ओट्यावर बसले. मग मान वर न करता म्हणाले, "आता तरी खरं बोल. दवाखान्यात नवसाचं ती बोलली, तू न्हाई. तुझं तोंड तवा माझ्याहून उतरलं हुतं." ते उठले, चप्पल पायात घातली आणि बाहेर निघून गेले. आत्या, तो तासभर मला नको झाला. पुस्तक उघडलं, एक ओळ डोक्यात शिरली असेल तर शपथ.

आले ते दारातूनच बोलले. "पेपर कवा सुटतो?"

"एकला."

"गावात सांगून आलो. सून पेपर देऊन आल्याबिगर पान वाढायचं न्हाई."

"मामा, साठ माणसं उपाशी राहतील!"

"राहू दे. मी तीन वरसं फसलो, त्यांनी एक दुपार कळ काढावी. सकाळी नवऱ्याला गाडी काढायला लाव, एसटीच्या भरवशावर ऱ्हाऊ नको." आणि मग आत जाता जाता थांबले. "येताना त्याच दुकानातले बत्तासे आण. तिच्या फोटोफुडं ठेवायचेत. अन् इचार तिला, एवढ्या वरसांच्या संसारात मला सरळ सांगायचं तिला इतकं भ्या वाटायचं का?"

भिंतीकडे तोंड करून ते रडले, आत्या. तुम्हाला नेलं त्या दिवशीसुद्धा मी त्यांना असं रडताना पाहिलं नव्हतं.

त्यांनी विचारायला सांगितलंय म्हणून विचारलं. उत्तर तुमचं तुम्ही बघा.

मी एवढंच कबूल करते. उद्या साठ माणसं ताटकळत असली तरी शेवटची घंटा होईपर्यंत मी बाकावरून उठणार नाही. मग पहिल्यांदा खरोखर पोखर्णीच्या पायऱ्या चढेन. आणि ते लाल फडकं धुऊन परत देवाजवळ ठेवेन, पण रिकामं. यापुढे मला काही शिकायचं असेल तर मामांच्या ताटासमोर बसून, त्यांच्या तोंडाकडे बघून सांगेन. ते नाही म्हणाले तरी.

तुमची सून,
अर्चना