चार वाजताचा आवाज

४ मार्च, सोमवार. सकाळी १०
दादाचा कॉम्प्युटर आला. टेम्पोवाल्याने दारात ठेवला, तिथून टेबलापर्यंत मी एकट्याने उचलला. कंबर ठीक आहे.

दादा प्रत्येक कामाची तारीखवार नोंद ठेवायचा. मीही ठेवणार. आमच्यात तो हुशार समजला जायचा, त्याचं कारण ही नोंदवही, बाकी काही नाही.

काम एवढंच: दादाचा आवाज काढून वहिनीच्या फोनवर द्यायचा. त्याने स्वतःसाठी गजर करून ठेवला होता. रोज दुपारी चार वाजता कॉम्प्युटर त्याच्याच आवाजात त्याला खुर्चीतून उठवतो. दादा जाऊन पाच महिने झाले, गजर चालूच आहे. वहिनी घर आवरून रविवारी लेकीकडे कायमची जाणार, तिकडे हे धूड ठेवायला जागा नाही. दुसरं रेकॉर्डिंग एकही नाही म्हणाली. फोटोला उभा राहायचा, पण कोणी व्हिडिओ काढतंय म्हटलं की तोंड मिटायचा.

वहिनीला म्हटलं, दहा मिनिटांचं काम. आजच करतो.

दुपारी ४.१०
टेबलाखाली वायर जोडत होतो. वरून दादा म्हणाला, चला, उठा आता.

डोकं फळीवर आपटलं. पुढचं ऐकलं नाही. अनवाणीच जिन्यापर्यंत गेलो. भीती वाटली म्हणून नव्हे, टेंगळाला वारा लागावा म्हणून. बायको म्हणाली, भाऊजींचा आवाज स्वयंपाकघरापर्यंत आला, किती स्वच्छ. तिला घाबरायला काय झालं होतं? तिचं दादाशी बरं होतं.

५ मार्च, मंगळवार. सकाळी ९
विचार केला. नुसती फाइल उचलून देणं म्हणजे पाट्या टाकणं. मुळात या मशीनवरचं लिनक्स, म्हणजे मशीन चालवणारा मूळ प्रोग्रॅम, चार वर्षांपूर्वीचं आहे. दादा कायम जुनी, पक्की आवृत्ती वापरायचा. मी टेस्ट रिलीज घालणार, म्हणजे जी अजून अधिकृत बाहेर आलेली नाही, लोक तपासून बघतायत, ती. आधी पाया नवा करायचा, मग आवाज काढायचा. सहा महिन्यांचा कॉम्प्युटर कोर्स केलेल्या माणसाने असंच काम करावं. त्या कोर्सला वीस वर्षं झाली, पण पाया पक्का होता.

शिवाय आवाजाची फाइल नेमकी कुठली हे बघायला ती वाजवावी लागेल. ते शेवटी करू.

दुपारी ३.५०
स्क्रू आणायला जातो.

दुपारी ४.३५
स्क्रू आणले. कशाला लागतील ते बघू.

बायकोने विचारलं, फाइल मिळाली का? म्हटलं, आधी पाया. ती म्हणाली, तुमचा पाया होईतो वहिनी गाडीत बसतील. असल्या बोलण्याकडे कानाडोळा करायचा, हा आजचा संकल्प.

६ मार्च, बुधवार. सकाळी ११
एक हजार चारशे बारा पॅकेजेस, म्हणजे प्रोग्रॅमचे गठ्ठे, उतरायची आहेत. प्रत्येक पॅकेजला दुसरं पॅकेज लागतं, त्याला तिसरं. एखादं लग्न काढावं आणि प्रत्येक पाहुणा म्हणावा, मेहुणा आला तरच मी येतो, तसं. नऊशेव्या पॅकेजला अडलं. लाल अक्षरांत तीन ओळी.

त्या ओळी इंटरनेटवर शोधल्या. आठ वर्षांपूर्वी एकाने हाच प्रश्न विचारलेला सापडला. खाली उत्तर. उत्तर देणाऱ्याचं नाव ‘गुरुजी’. गुरुजी म्हणजे दादाच, सगळीकडे हेच नाव लावायचा.

त्याने लिहिलंय की टेस्ट रिलीज कामाच्या मशीनवर घालू नये, ज्यांना घाई आहे त्यांनी तर मुळीच नाही, आणि तरी घालायचंच असेल तर हे दोन शब्द टाइप करा.

गेल्यावरही शिकवणं सुटलेलं नाही. मला घाई नाही, म्हणजे ते माझ्यासाठी नाही. शब्द टाइप केले. चाललं. मान वर करून खोलीत बघितलं. कोणी नव्हतं. असणार कोण?

दुपारी ४.२०
गच्चीवर कपडे वाळलेत का बघायला गेलो होतो. आज कपडे धुतलेलेच नव्हते.

सरळ लिहितो, वाचणारं कोण आहे? मला तो आवाज ऐकवत नाही. दादा अकरा दिवस दवाखान्यात होता. मी बाराव्या दिवशी जाणार होतो, तसं ठरलंच होतं. त्याने दोनदा फोन केला. मी उचलला नाही, कारण निवांत बोलायचं होतं. आता रोज चारला उठा म्हणतो तेव्हा वाटतं, मलाच म्हणतोय.

असो. उद्या सगळं पूर्ण.

७ मार्च, गुरुवार. दुपारी १
पूर्ण! टेस्ट रिलीज बसली. पडदा झकास निळा. मध्ये मशीनने बरंच काही विचारलं, इतकी पॅकेजेस नव्याशी जुळत नाहीत, काढू का? काढ. इतकी आता कोणालाच लागत नाहीत, तीही काढू का? भलीमोठी यादी होती. हो. साफसफाईचा एक हुकूम मी आपणहून दिला, जागा मोकळी झाली. गुरुजींना म्हणावं, बघा.

दुपारी ४.१५
वाचनालयात जाऊन आलो. बायको म्हणाली, आज भाऊजी बोलले नाहीत.

खरं सांगायचं तर बरं वाटलं. चहा घेतला. नंतर लक्षात आलं. साउंड कार्डाचा ड्रायव्हर, म्हणजे स्पीकर चालवणारा प्रोग्रॅम, नसेल, दुसरं काय.

८ मार्च, शुक्रवार. सकाळी ११
ड्रायव्हर आहे. बाकी सगळे आवाज येतात. घंटी वाजते, गाणी वाजतात.

दादाची एक खोड मी विसरलो. फाइल नुसती फोल्डरमध्ये ठेवणं त्याला कमीपणाचं वाटे. घरच्या याद्यांचंसुद्धा रीतसर पॅकेज करून बसवायचा. गजराचं एक पॅकेज, आवाजाचं दुसरं. कालची नोंद मशीननेच ठेवली आहे, ती उघडून वाचली. गजर नव्या आवृत्तीशी जुळेना म्हणून तो निघाला. गजरच गेल्यावर आवाज कोणाला लागणार, म्हणून आवाज ‘कोणालाच लागत नाहीत’ त्या यादीत आला. यादीत सदतिसावा होता. विचारलं होतं. हो म्हणणारा मी.

यादी पुन्हा वरून मोजली, सदतिसावाच.

दुपारी १२
घाबरायचं नाही. काल जे निघालं ते परत बसवायचं, साधी गोष्ट. आवाजाशी संबंधित दिसतील तितकी पॅकेजेस उतरवतो. तीनशे आहेत.

वहिनीचा फोन. झालं का रे? म्हटलं, झाल्यातच जमा, शेवटचा हात फिरवतोय. ती म्हणाली, तुझ्यावर सोपवलं म्हणून निश्चिंत आहे.

दुपारी ४.१५
आज खोलीतच बसलो. बोल म्हटलं. चार वाजून बारा मिनिटांपर्यंत वाट बघितली. पंख्याचा आवाज येत होता.

९ मार्च, शनिवार. दुपारी २
आणखी दोनशे पॅकेजेस बसवली. मग मशीन उचलून दुरुस्तीवाल्याकडे. कंबर ठीक नाही.

त्याने सगळं ऐकून घेतलं. म्हणाला, घरी केलेलं पॅकेज बाहेरून कुठून उतरणार, पण गुरुवारी मशीन बंद करून आणलं असतं तर मिटवलेलं परत काढायचा प्रयत्न केला असता. विचारलं, त्यानंतर काही बसवलंत का? म्हटलं, थोडंसं. किती? पाचशे. त्याने स्क्रू ड्रायव्हर खाली ठेवला. मिटवलेली जागा रिकामी धरली जाते, नवीन आलेलं तिच्यावर जाऊन बसतं, म्हणाला. तरी दोन तास बघितलं त्याने. काही निघालं नाही. पैसे घेतले नाहीत, त्याचं जास्त वाईट वाटलं. मशीन घरी परत आणलं.

दुपारी ३
वहिनीला काय सांगायचं ते ठरवलं. कॉम्प्युटर जुना होता, आपोआप गेला. हे जवळजवळ खरंच आहे.

आरशासमोर दोनदा म्हणून बघितलं. चांगलं जमतंय.

१० मार्च, रविवार. संध्याकाळी ६
वहिनी साडेतीनला आली. गाडी साडेपाचची. फोन पूर्ण चार्ज करून आणला होता. कॉम्प्युटरसमोरच्या खुर्चीत बसली, म्हणाली, फोनमध्ये घालण्याआधी एकदा यातूनच ऐकते. घड्याळाकडे बघत बसली. पदराने पडद्यावरची धूळ पुसली.

तोंडातून पाठ केलेलं आलंच नाही. म्हटलं, वहिनी, मी घालवला. सगळं सांगितलं. यादी, सदतिसावा नंबर, पाचशे पॅकेजेस.

ती ओरडली नाही. ओरडली असती तर मला काही उत्तर देता आलं असतं. म्हणाली, असू दे. पण तीन दिवस तुझ्याकडे होता तो आवाज. सोम, मंगळ, बुध बोलला असेल. तू ऐकलास ना? मला सहा वर्षं रोज ऐकून त्याचं काही वाटेनासं झालं होतं, आता नीट आठवायला जाते तर निसटतं. तू सांग, कसा म्हणायचा?

म्हटलं, चला, उठा आता. पुढे? पुढचं मी ऐकलेलं नाही. एकदाही नाही? नाही. कुठे होतास? जिन्यात. मग दुकानात. मग गच्चीवर.

वहिनीने फोन पिशवीत ठेवला. दवाखान्याचं काही बोलली नाही.

तेवढ्यात बायको हात पुसत आत आली. म्हणाली, मी ऐकलंय तिन्ही दिवस. ती वहिनीच्या खुर्चीशेजारी पलंगावर बसली आणि भाऊजींसारखं खर्जात म्हणून दाखवायला लागली. चला, उठा आता, बसून बसून खुर्चीला मुळं फुटतील. वहिनी म्हणाली, नाही गं, मुळं म्हणताना थांबायचे जरा. बायकोने परत म्हटलं. वहिनी म्हणाली, हां, आणि शेवटी हसायचे. बायको म्हणाली, हो, नाकातल्या नाकात. दोघी हसल्या, मग दोघी रडल्या, मग परत पहिल्यापासून. गाडीची वेळ होईपर्यंत.

मी दारात उभा होतो. त्यातलं मला काहीच दुरुस्त करता येत नव्हतं.