नाथादादाचं प्रात्यक्षिक

कोलशेत, ठाणे
दि. १७ नोव्हेंबर २०२४

चि. सगुणास,
नाथादादाचे अनेक उत्तम आशीर्वाद. वि. वि.

कागद बघून घाबरू नकोस, घरात सगळे धडधाकट आहेत. फोन असताना पत्र कशाला, म्हणशील. तर मी कॉलेजात जातो. आधी हसून घे, मग पुढे वाच.

कल्याणच्या एका कॉलेजात शनिवार-रविवार पॅरालीगलचा सर्टिफिकेट कोर्स असतो. पॅरालीगल म्हणजे वकील नव्हे. अडलेल्या माणसाचं ऐकून घ्यायचं, त्याचा अर्ज लिहायचा आणि त्याला मोफत वकिलापर्यंत पोचवायचं. पहिल्या दिवशी शिपायाने मला विचारलं, मांडव कुठल्या हॉलात घालायचाय. त्याची काय चूक? जन्मभर मी मांडवच घातले. वर्गातली पोरं मला काका म्हणतात आणि माझ्या डब्यातली सुकट संपवतात.

शिकवायला मंदाकिनी मॅडम आहेत. त्यांचा पहिला नियम, सल्ला द्यायचा नाही. गावात कोणाचा बांध, कोणाची सून, सगळे तंटे मी फुकट सल्ला देऊन मिटवले. आता सल्ला न देण्याचं शिक्षण फी भरून घेतोय. दुसरा नियम, अर्ज समोरच्याच्याच शब्दांत, हाताने लिहायचा आणि त्याला वाचून दाखवायचा. माझं अक्षर बघून मॅडमनी कोणाला तरी पत्रं लिहीत जा म्हणून सांगितलं. तुझी वहिनी म्हणाली, मला लिहू नका, मला तोंडी पुरे आहे. म्हणून तू.

काम एवढंच. प्रात्यक्षिकासाठी एक खरा अडलेला माणूस आणायचाय. कोलशेतात मिळेना, वही घेऊन दारात उभा राहिलो की लोक वर्गणी समजून कडी लावतात. तुझ्या मोहन्यात बघ. बाईमाणसाचं जमिनीच्या हक्काचं प्रकरण असेल तर फारच छान, मॅडम अशांवर खूश असतात.

आणि हो, खाडीकडची आपल्या आबांची जागा बिल्डरला द्यायचं ठरतंय. संक्रांत झाली की तुझी हक्कसोडाची सही उरकून घेऊ, आत्यांनी केली तशीच. वहिनीने तुला जरीची साडी आणून ठेवली आहे.

भावोजींना नमस्कार. कळावे. लोभ आहेच, वाढवायला जागा आहे.

तुझा
नाथादादा

मोहने
दि. २५ नोव्हेंबर २०२४

ती. स्व. नाथादादास,
सगुणाचा शि. सा. न. वि. वि.

पत्र मोठ्याने वाचलं. हे इतके हसले की चहा नाकात गेला. मला मात्र हा पत्रांचा प्रकार आवडला. फोनवर तू मला बोलू देत नाहीस. कागदावर तुला मध्ये तोंड घालता येत नाही.

बाई मिळाली. आमच्याच आळीतली. नाव आत्ता सांगू नको म्हणाली, त्या दिवशी स्वतः येईल. तिला एकच भाऊ. माणूस वाईट नाही. अडीअडचणीला धावतो, भाऊबीज चुकवत नाही. पण बाप गेल्यावर जमिनीला एकट्याचं नाव लावून मोकळा झाला. बहिणीला विचारायचं असतं, हे त्याच्या डोक्यातच आलं नाही. आता जमीन विकायची आहे, तर म्हणतो, सहीला ये, गोडाचं जेवण करू.

बाईला भांडण नको. पण जिथे जन्मली त्या मातीच्या कागदावर आपलंही नाव असावं, असं तिला वाटतं. वाटा मागितला तर माहेरचं दार बंद होईल, ही भीती. नाही मागितला तर त्या दारात जन्मभर पाहुणी. कॉलेजात यावर काय शिकवतात? सल्ला देऊ नकोस, नुसतं सांग.

साडीचं म्हणशील, तर वहिनीला म्हणावं घाई नको.

कळावे. लोभ असावा, आणि अक्षर सुधारावे.

तुझी
सगुणा

कोलशेत, ठाणे
दि. २ डिसेंबर २०२४

चि. सगुणास,
अनेक आशीर्वाद. वि. वि.

बाय, काय बाई शोधलीस! सगळा वर्ग माझ्यावर जळतो. डोंबिवलीची श्रिया म्हणून एक चुणचुणीत पोरगी आहे, तिला अजून कोणी मिळालं नाही. ती म्हणते, काका, तुमची बाई अर्धी मला द्या ना.

कायदा सांगतो. वडिलोपार्जित जमिनीत मुलीचा वाटा मुलाइतकाच. लग्न झालं म्हणून तो जात नाही, बाप कायदा बदलायच्या आधी वारला म्हणून जात नाही आणि भाऊ गोड बोलतो म्हणून तर मुळीच जात नाही. बाईला वकीलही मोफत, नवरा कितीही कमावता असो.

आता हा सल्ला नव्हे, पण तिला सांग, सही अजिबात करू नकोस. काय माणूस म्हणायचा! सख्ख्या बहिणीला जेवणावर बोळवतो? आपल्यात निदान साडी तरी घेतात. असले गोडबोले मी चांगले ओळखतो. दार बंद करीन म्हणाला, तर त्याला म्हणावं, कोलशेतचा नाथा मध्ये पडेल.

अर्ज आजच कच्चा लिहून काढला. भावाला लबाड आणि कावेबाज असं घातलंय. बाईचे शब्द नाहीत, पण तिलाही असंच म्हणायचं असणार.

१४ तारखेला, शनिवारी सकाळी, तिला कॉलेजच्या मदत केंद्रात पाठव. घाबरत असेल तर तू सोबत ये.

कळावे. लोभ त्या बाईवरही आहे म्हणून सांग.

तुझा
नाथादादा

मोहने
दि. १६ डिसेंबर २०२४

ती. स्व. दादास,
सगुणाचा शि. सा. न. वि. वि.

शनिवारी तू चहा न घेता गेलास. नंतर फोनही नाही. म्हणून मीच लिहिते.

तुला फसवायचं मनात नव्हतं. मला वाटलं, दोन ओळींत ओळखशील. गावातल्या कुठल्या घरात भांडं वाजलं ते तुला ऐकू येतं, एवढा तुझ्या कानांचा लौकिक! मग तुझं उत्तर आलं, सही करू नकोस. माझ्या बाजूने इतकं जोरात आजवर कोणी बोललं नव्हतं. ते वाचून मी यायचं धाडस केलं.

मी समोर बसले, तर तू माझ्या मागे बघत विचारलंस, बाई कुठे राहिली. मी म्हटलं, बसली आहे. तेव्हा कुठे तुला कळलं, आणि तू हातातला अर्ज वहीखाली सरकवलास. तेवढ्यात मॅडम आल्या. नियम म्हणजे नियम, अर्जदाराला वाचून दाखवा म्हणाल्या. तू वाचलास. आवाज खणखणीत होता, लबाडपर्यंत. तिथे तुला चष्मा पुसावासा वाटला.

तो शब्द मी काढायला लावला, तो तुला वाईट वाटू नये म्हणून नव्हे. माझा भाऊ लबाड नाहीच, त्याला सवय आहे. मॅडम म्हणाल्या, बाई म्हणतात तसंच लिहा. तू सवय लिहिलंस. अक्षर खरंच सुधारलंय.

मग तो भाऊ तूच हे मॅडमना कळलं. जो प्रतिवादी त्यालाच अर्ज लिहिता येत नाही, म्हणून मॅडमनी तुला उठवून माझं प्रकरण श्रियाला दिलं. तुझ्याकडे बघून ती पोर रडकुंडीला आली होती.

सही मी करणार नाही. वाटा मागणार. पण दादूस, दाराचं काय? एवढंच कळव.

कळावे. लोभ उरला असेल तेवढा असावा.

सगुणा

कोलशेत, ठाणे
दि. ६ जानेवारी २०२५

चि. सगुणास,
अनेक उत्तम आशीर्वाद. वि. वि.

मध्यस्थीच्या तारखेची नोटीस पोचली. उत्तराला उशीर झाला, कारण रागावलो होतो आणि कोणावर ते ठरेना. तुझ्यावर राग धरावा, तर माझ्याच हस्ताक्षरातलं पत्र आडवं येतं. वहिनीला विचारलं, मी असा आहे का. ती भाकरी थापायची थांबली, माझ्याकडे बघितलं आणि परत थापायला लागली. जेवताना म्हणाली, तुमच्या त्या वर्गात अजून बायकांची प्रकरणं घेतात का? तिचा भाऊ कोनगावला असतो, तुला माहीत आहेच.

बिल्डरला सांगितलं, थांब, अर्धी मालकीण मोहन्याला राहते. तो म्हणाला, बहिणीची सही म्हणजे एका दुपारचं काम. मी म्हटलं, मलाही तसंच वाटायचं.

दोघांची नावं लागतील. माझी ना नाही. पण हे मी तारखेलाच, मध्यस्थाच्या समोर बोलणार. आधीच कबूल झालो तर श्रियाचं प्रात्यक्षिक बुडेल. माझं बुडालंच आहे. मॅडम म्हणतात, दुसरी बाई शोधा, या वेळी आधी तिच्या भावाची चौकशी करा.

दाराचं विचारलंस. तारीख कल्याणला आहे, मला लांब पडतं. तेव्हा सकाळी मी तुझ्याकडेच उतरतो. बोंबलाचं कालवण आणि तांदळाची भाकरी कर. जेवून एकाच रिक्षाने जाऊ. आत गेल्यावर तू एका बाजूला बस, मी समोर बसेन. माझ्या शेजारी वकील दिसला नाही तर गोंधळू नकोस, आणणार नाही.

कळावे. लोभ दोघांच्या नावे असावा.

तुझा प्रतिवादी
नाथादादा