पट्टीवरची इस्त्री

१४ जून

प्रिय साहेब,

तुला हल्ली हीच हाक आवडते म्हणे, म्हणून तीच लिहिली. इकडे सगळं ठीक. आई बरी आहे, दुकान चालू आहे. तिकडे तू आणि तुझी थंडगार कचेरी मजेत असालच.

तू पाठवलेलं खोकं मिळालं. अप्पांच्या खांद्यासाठी दुखण्यावरच्या चिकटपट्ट्या, मलमाच्या नळ्या आणि वर तुझी चिठ्ठी, 'रोज लावा.' केवढे कष्ट घेतलेस रे! आतला बारीक अक्षरांतला कागद फोनवर समजावून सांगायला मात्र साहेबांना सवड नव्हती. मी वाचून दाखवायला गेले, तर अप्पा म्हणाले, त्याने पाठवलंय ते विचार करूनच.

मग त्यांनी आधी मलम चोळलं आणि त्यावरच पट्टी लावली. ती कशी टिकणार? घामाने सुटायला लागली. जन्मभर कपडे शिवलेला माणूस तो! कॉलरमधलं बकरमचं कडक कापड इस्त्रीने चिकटतं, मग ही का नाही? आईला म्हणाले, ओलं फडकं ठेव आणि कोमट इस्त्री दाब. आईनेही कॉलर दाबावी तशी मन लावून दाबली. पट्टी चिकटली खरी, पण काढताना कातडं घेऊन आली.

डॉक्टरीणबाई आम्हा सगळ्यांवरच तापल्या. पट्टीवर शेक कधीच द्यायचा नाही, उष्णतेने औषध एकदम आत शिरतं. खाली मलम नको, वर घट्ट गुंडाळायचं नको, सोललेल्या कातडीवर तर मुळीच नाही. शिवाय अप्पा रोज सकाळी दुखण्यावरची त्याच जातीची गोळीही घेत होते, त्यामुळे पोटात का जळजळत होतं तेही कळलं. त्यावर अप्पा काय म्हणाले ऐक. "पोराचं औषध चांगलंय हो. लावायला माझंच चुकलं."

हे तुला कळवायचं नाही, अशी मला ताकीद आहे. तुला वाईट वाटेल म्हणे! तुला!

भाजलेलं बरं होईल. पण त्यांचा उजवा हात आता खांद्याच्या वर जातच नाही. गिऱ्हाइकांची मापं मी घेते. हाडांच्या डॉक्टरांना लगेच दाखवा, नाहीतर हात असाच आखडून राहील, असं बाईंनी बजावलंय. अप्पा जात नाहीत. पोराच्या पट्ट्यांनी फरक पडतोय, असं येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगतात आणि भिंतीकडे तोंड करून कण्हतात. काल जखमेच्या शेजारी नवी पट्टी लावलेली सापडली.

मी रोज त्यांच्या शेजारच्या मशिनवर बसते. माझ्या शब्दाला तिथे चिंधीची किंमत नाही. तू वर्षातून एकदा उगवतोस आणि तुझं पुठ्ठ्याचं खोकं देवासारखं कपाटात बसतं. मला याचा राग येतो, भयंकर येतो. तुझ्यापुढे हात पसरायची वेळ यावी, याचा तर त्याहून जास्त.

तरी पसरते. पत्र मिळताच अप्पांना फोन कर. सांग, की त्या पट्ट्या तू न बघताच पाठवल्या होत्यास, त्यांचा काही उपयोग नाही, फेकून द्या आणि ताईबरोबर डॉक्टरांकडे जा. माझ्या तोंडून त्यांना हे पटत नाही. तुझ्या तोंडून पटेल.

आणि घाबरू नकोस, हे सांगताना तुला एक शब्दही खोटा बोलावा लागणार नाही.

अप्पांचा हात जाण्याआधी तुझ्या फोनची वाट बघणारी,
तुझी ताई